कोनं पायला?

नववीच्या पोरांना लोणार सरोवरावर प्रकल्प दिला होता. उल्का आदळून झालेलं हे विवर आमच्या शाळेपासून एसटीनं तासाभरावर, अर्ध्या वर्गाचे मामा-मावश्या तिकडचेच. तरी एकवीसपैकी सतरा वह्यांत शेवटी तीच ओळ: ‘माहितीचा स्रोत – गूगल.’

गूगल स्रोत असेल तर मग बसस्टँडही आहे. तिथं डॉक्टर भेटतो आणि गंडेदोरे विकणाराही. तुम्हाला कोण भेटलं ते सांगा की!

पण रागावलो नाही. कारण हीच पोरं गावात भलती चौकस. कुणी म्हणालं, पांदणीत बिबट्या दिसला, की लगेच, “कोनं पायला? कवा? का आयकूनच सांगून रायला?” म्हटलं, हेच मोबाईलला विचारा.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाचे व्हिडिओ लावले. एकात देवाचा कोप, दुसऱ्यात उल्केचे किरण. पाहणारा कोणीच नाही, नुसता आवाज आणि खाली ‘सबस्क्राइब करा’. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं केलेल्या तपासणीची बातमी शोधली. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव, त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी. नमुन्यातले जीव तळाशी बसले तसं वरचं पाणी नितळ झालं. मागच्या बाकावरून आवाज आला, “यायनं त डोयानं पायलं सर!”

खरी पंचाईत विवराच्या वयावर झाली. एक मुलगी दोन आकडे घेऊन आली, ५२ हजार वर्षं आणि ५ लाख ७० हजार. “सर, यातलं खोटं कोनतं?”

खोटं बोललं कुणीच नव्हतं. आघातात खडक वितळून झालेली काच तापवली की उजेड देते, पहिला आकडा त्या उजेडाच्या मोजणीचा. दुसरा २०११ साली छापून आलेला, आरगॉन वायूच्या मोजणीवरून. आपण कसं मोजलं ते दोन्हीकडच्यांनी लिहून ठेवलंय, म्हणून तर त्यांची चूक काढायला जागा आहे. कोपवाल्याची चूक काढणार कशी?

पोरीनं दोन्ही आकडे पद्धतींसकट लिहिले. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांचा लाल शेरा: ‘नक्की उत्तर लिहा.’ गुण कापले.

शेजारच्या टेबलावर थर्मोकोलचं सुरेख विवर होतं, खाली ठळक अक्षरात ‘५२,००० वर्षे’. स्रोत, गूगल. त्याला दुसरा नंबर.