समुद्राकडे पाठ करून मुंबई कशी बघावी

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई बघायला यायचं ठरवलंत, फार छान केलंत. मे महिन्यात आला असतात तर घाम आला असता, जुलैत आला असतात तर रुळांवर पाणी आलं असतं. दिवाळीत फक्त अर्धा महाराष्ट्र येतो. त्यात तुम्ही पाच जण वाढलात तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

निघण्याआधी एक पथ्य सांगून ठेवतो. मुंबई हे बंदर आहे, हे चौथीच्या भूगोलात वाचलंत तेवढं पुरे. त्या माहितीचा इथे आल्यावर काहीही उपयोग करायचा नाही. बंदर बघत बसलात तर मुंबई दर्शन कधी उरकणार? आणि आम्ही मुंबईकर तरी कुठे बघतो? ज्या पूर्व किनाऱ्यावर या शहराचं पोट भरलं, त्याच्याकडे पाठ करून आम्ही रोज संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून सूर्यास्त बघत बसतो. पाहुण्यांनी यजमानांची रीत मोडू नये.

मुक्कामासाठी हॉटेलवर पैसे उधळायचं कारण नाही. बोरिवलीला मावशी आहेच. मावशीच्या दोन खोल्यांत तिची चार माणसं आणि तुमची पाच सहज मावतात, कारण नाही म्हणायची तिला सवय नाही. सकाळी साडेआठची फास्ट लोकल पकडा. मुलं, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा आणि ती चाकांची बॅग घेऊन सरळ दारात उभे राहा. उतरायचं शेवटच्या चर्चगेटला असल्यामुळे दार अडवायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. अंधेरीच्या आसपास लोक तुमच्याशी बोलू लागतील. मुंबईची माणसं फटकळ असतात, हे मत तिथेच पक्कं करून टाका, म्हणजे पुढचे दोन दिवस त्यावर विचार करावा लागणार नाही. चर्चगेटला उतरलात की पहिल्याच पोलिसाला रिक्षा कुठे मिळेल ते विचारा. दक्षिण मुंबईत रिक्षा येत नाहीत, हे ऐकल्यावर दुसऱ्या पोलिसाला विचारा.

आता गेटवे ऑफ इंडिया. ही कमान समुद्रातून येणाऱ्या माणसाने समोरून बघावी म्हणून बांधलेली आहे. तुम्ही जमिनीवरून येणार, म्हणजे पाठीमागून. काही बिघडत नाही. फोटोत तुम्ही महत्त्वाचे, कमान मागे धूसर दिसली तरी चालते. इतिहास विचारलाच मुलांनी, तर एवढंच सांगा, की पंचम जॉर्ज राजा 1911 च्या डिसेंबरात इथे उतरला त्याची ही आठवण. राजा उतरला तेव्हा कमानीचा पायाचा दगडही बसला नव्हता, कमान उघडली 1924 साली आणि राजा काही ती बघायला परत आला नाही, हे सांगायची गरज नाही. सरकारी कामांबद्दल मुलांच्या मनात लहानपणापासून चुकीच्या अपेक्षा नकोत. चोवीस वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1948 ला, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून निघून गेली. कमानीचा खरा उपयोग तेव्हाच झाला म्हणायचा.

समोरच ताज आहे. तुमच्या टॅक्सीवाल्याने येतानाच सांगितलं असेल, की साहेब हे हॉटेल उलटं बांधलं गेलं, आणि ते बघून वास्तुविशारदाने जीव दिला. गोष्ट साफ खोटी आहे, पण इतकी रंगतदार आहे की खरी मानायलाच हवी. खऱ्या गोष्टीत रंगत नाही. ताजचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य नावाचा मराठी माणूस होता, काम पुरं होण्याआधी तो आजारपणाने गेला, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीला नेलं आणि 1903 मध्ये हॉटेल उघडलं. वैद्यांचं नाव लक्षात ठेवण्यापेक्षा आत कॉफीचा भाव काय आहे ते बाहेरून विचारून या. गावी जाऊन सांगायला तो आकडा जास्त उपयोगी पडतो.

यानंतर घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून बेत सोमवारचाच ठेवा. चुकून दुसऱ्या वारी गेलात तर गेटवेवरून लाँच मिळेल. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे जास्त पडतात. त्यावर खलाशाशी वाद घाला आणि शेवटी देऊन टाका. हा तासाभराचा प्रवास म्हणजे या सगळ्या सुट्टीतला धोक्याचा भाग, कारण इथे इच्छा नसली तरी बंदर दिसतं. नांगरून पडलेली मालवाहू जहाजं, नौदलाच्या करड्या युद्धनौका, तेलाचे टँकर ज्याला लागतात ते बुचर आयलंड, पलीकडे तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्राचा घुमट, सगळं एका रांगेत येतं. घाबरू नका. यावर सीगल हा उतारा आहे. हिवाळ्याच्या सुमारास हे पक्षी लाँचच्या मागे लागतात, आणि लाँचवर वेफर्सची पाकिटं विकायला असतात. पाकीट फोडा, वेफर हवेत धरा, मोबाइल सुरू करा. लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून जे पाखरू हिमालय ओलांडून इथे आलं, ते मसाला वेफर खाण्यासाठीच आलं असणार. रिकामं पाकीट समुद्रात सोडायला विसरू नका, पुढची लाँच वाट चुकायला नको.

बेटावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत झुकझुक गाडी आहे. तीत बसा. दमायचं असेल तर पायऱ्या आहेतच, शंभराच्या वर. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा आणि संगमरवरी दिसणारे हत्ती विकायला मांडलेले असतात. भाव करत करत वर जा, म्हणजे लेण्यात पोचेपर्यंत थकून जाल आणि आत फार वेळ रेंगाळावंसं वाटणार नाही. आत अंधारात सुमारे वीस फूट उंच सदाशिव आहे. त्याच्या तीन चेहऱ्यांपैकी एक उग्र, एक सौम्य आणि मधला डोळे मिटून बसलेला. तो मधला चेहरा कदाचित उगाच मिटलेला नसावा, रोज इतके सेल्फी बघायचे म्हणजे काय! इथल्या शिल्पांची मोडतोड बरीचशी पोर्तुगीज काळातली मानतात. नावं कोरण्याचं काम मात्र आपल्याच माणसांनी निष्ठेने पुढे चालू ठेवलं आहे.

बेटावर तीन वाड्या आहेत आणि माणसं राहतात, हे कोणाला विचारू नका. नाहीतर कोणी म्हातारी सांगेल, की रात्री समोर मुंबई झगमगताना दिसायची आणि आमच्याकडे वीज आली ती 2018 साली, समुद्राखालून केबल टाकून. लाँचने एका तासाच्या अंतरावर आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. सुट्टीचा मूड जाईल. 

बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते इथे असलेल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती शोधत बेटभर फिरा. मिळणार नाही. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट साहेबाने घातला, उचलताना साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडून भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभे केले. शेजारीच राणीची बाग आहे. दुसऱ्या दिवशी मुलांना पेंग्विन दाखवायला तुम्ही तिथे जाणारच आहात. त्या हत्तीच्या बाजूने जाल, पण त्याच्याकडे बघू नका. आदल्या दिवशी त्याच्या नावाने तिकीट काढून समुद्र ओलांडलात हे त्याला कळलं तर काय म्हणेल?

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. इथे कट्ट्यावर बसून 'अॅट मुंबई हार्बर' असं लिहून फोटो टाका. हे बंदर नव्हे, हा बॅक बे, बंदर शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे, असं कोणी टिपणी करणारच. असल्या माणसाला उत्तर देऊ नका, तो गिरगावचा असतो. मागच्या आर्ट डेको इमारतींना 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांच्याकडे पाठ करूनच फोटो चांगला येतो. जुहू, भेळ आणि बांद्र्याला 'मन्नत'च्या फाटकासमोरची दोन तासांची उन्हातली तपश्चर्या यांबद्दल मी काही सांगत नाही. ती साधना तुम्ही घरून शिकूनच आला आहात.

आता तुमच्यातला तो एक मेहुणा. प्रत्येक कुटुंबात असतो. तो म्हणेल, "मला गोदी बघायची आहे." त्याला आवरा. गोदी बघता येत नाही, अशीच तिची सोय केलेली आहे. पी. डिमेलो रस्त्याने मैलभर चालत जा, एका अंगाला भिंत, भिंतीत दरवाजे, दरवाज्यांना रंगांची नावं. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. एवढे रंग दाखवले, आणखी काय दाखवायचं? आत प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक होते. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. त्यात कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी भरलेला होता, शिवाय सोन्याच्या विटा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, सोन्याची एक वीट दूर एका घरावर येऊन आदळली. अग्निशमन दल आजही 14 एप्रिल पाळतं. पण हे काही 'दहा प्रेक्षणीय स्थळां'त येत नाही. तिथे उभं राहून फोटो काढायला एक साधा फलक मिळाला तर नशीब.

मेहुणा ऐकत नसेल तर म्हणेल, "मग भाऊचा धक्का तरी?" तिथे रेवसला नि मोऱ्याला जाणाऱ्या बोटी लागतात आणि मासळी उतरते. तुम्ही कोकणातले असाल तर तुमचे आजोबा बहुधा इथेच वळकटी खांद्यावर घेऊन उतरले असतील आणि इथूनच चालत गिरणगावात गेले असतील. याच धक्क्यावरून 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पण आजोबांच्या खुणा शोधायला गेलात तर तासभर जाईल, आणि त्या तासात हँगिंग गार्डनमधला म्हातारीचा बूट राहून जाईल. बूट महत्त्वाचा. वास्तविक तो समोरच्या कमला नेहरू उद्यानात आहे, पण ही बारीकसारीक चूक बुटाला चालते.

दारूखाना नावाच्या जहाजतोडणीच्या जागेचं तर नावही काढू नका. तिथे जहाजं मरायला येतात. 1971 च्या युद्धात लढलेली आपली पहिली विमानवाहू 'विक्रांत' तिथेच 2014-15 मध्ये तोडली. तिचं कायमचं संग्रहालय करावं अशी चर्चा वर्षानुवर्षं झाली. चर्चा अजून तरंगते आहे, बोटीचं भंगार झालं. जुनी जहाजं बघायची एवढीच हौस असेल तर पुढच्या सुट्टीत इंग्लंडला जा. हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ नौका नीट रंगवून पाण्यात उभी ठेवली आहे. ती वाडियांनी 1817 साली बांधली, सागवानात, मुंबईच्या गोदीत. तिथे तिकीट काढून आत जाता येतं, भिंत नाही.

ससून डॉकचा मात्र अपवाद करायला हरकत नाही, कारण तिथले फोटो लोकांना आवडतात. 1875 ची ही गोदी कुलाब्यात, तुमच्या गेटवेपासून फार लांब नाही. पहाटे पाचला जा. ट्रॉलर रिकामे होत असतात, टोपल्या हातोहात वर येतात, लिलाव तोंडी चालू असतो, कोळणी मासळीचे ढीग लावत असतात, बर्फ फुटत असतो. तुम्ही पांढरे बूट घालून बरोबर वाटेच्या मधोमध उभे राहा आणि नाकाला रुमाल लावा. "बाजू व्हा रे दादा" असा आवाज आला की प्रथम मोबाइल सांभाळा. एखाद्या मावशीला कोळंबी सोलताना थांबवून "जरा हसा ना" म्हणा. ती हसेल. त्यानंतर ती जे बोलेल ते मुलांच्या कानावर पडू देऊ नका.

परतताना अटल सेतूवरून जा. 21.8 किलोमीटर लांबीचा हा पूल 2024 च्या जानेवारीत सुरू झाला आणि त्यावर गाडी थांबवायला बंदी आहे. ही सोय पर्यटकांच्या मनातलं ओळखून केलेली दिसते. शिवडीची खाडी, फ्लेमिंगोंचा चिखल, घारापुरी, लांबवर न्हावाशेवाच्या क्रेन, सगळं बंदर तुमच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं असेल आणि तुम्ही ताशी शंभरच्या वेगाने टोल किती झाला यावर भांडत असाल.

जाताना काही न्यायचं असेल तर माहीमचा हलवा घ्या. मेहुणा मात्र सुके बोंबील नि सोडे घेईल, कागदात गुंडाळून, वर पिशवी, पिशवीवर टॉवेल. एसी बसमध्ये ती पिशवी त्याच्या पायाशी न ठेवता पुढच्या सीटखाली सरकवा. खोपोलीच्या आधीच पुढची माणसं मागे वळून बघायला लागतील. कंडक्टरने वास कसला म्हणून विचारलंच, तर मान हलवून सांगा, "काय करणार, मुंबईची हवाच तशी."