ती नळी नेहमी खालूनच का चिरते?

वरून बघावं तर पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी) जागच्या जागी, अगदी धडधाकट. आणि पोटाखाली बोटभर भेग! नेहमी खालच्याच बाजूला, नेहमी कोपराच्या वळणावरच. इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं, गॅस्केट बदललं, सगळे बोल्ट बसले, चावी फिरवली, तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, ७००-८०० आरपीएमला टेकायचं नावच घेईना. १,५००, मग ९००, परत १,५००. वर इंजिनचा दिवा, कोड पी ०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तीन तास गेले त्या एका भेगेपायी. तीन तास!

उष्णतेनं कडक झालेलं रबर मॅनिफोल्ड उचलताना ओढलं जातं आणि तिथेच फाटतं. बसवताना त्या नळीकडे कोणी बघत नाही, कारण काम गॅस्केटचं. अरे, हात लागला त्या प्रत्येक नळीवर बोट फिरवा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बुडाकडून बघा. आणि नळी वाकवून बघा, सरळ असताना भेग मिटलेली असते, वाकवली की तोंड उघडते. आणि ही नळी मॅनिफोल्डच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) फटीत, जिथे मनगट वळत नाही तिथे ठेवणाऱ्या डिझायनरला एकदा ती स्वतःच्या हाताने काढायला लावली पाहिजे.

त्यात सल्ला काय, तर ऑक्सिजन सेन्सर बदला! सेन्सर खरं तेच सांगतोय, न मोजलेली हवा आत येतेय. स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. आयडलला +२० टक्के आणि २,५०० आरपीएमला +३-४ वर उतरली तर हवेची गळतीच. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, एकूण हवा थोडी, त्यात चोरून शिरलेली हवा भारी पडते. उलट लोड वाढेल तशी ट्रिम चढत गेली तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर मळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) बघा. एमएएफऐवजी मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत ट्रिम फारशी हलत नाही, आयडल तेवढं चढतं, हेही कोणी सांगत नाही.

आणि ते कार्ब क्लीनर फवारणारे! तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही स्प्रे मारायचा आणि आरपीएम बदलतोय का ते बघत बसायचं. आग लागली म्हणजे? एकेक नळी रबर लावलेल्या पक्कडीने दाबा, आयडल खाली आलं की चोर सापडला. नाहीतर स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर सोडा आणि तो कुठून निघतो ते बघा, दाब १ पीएसआयच्या आत. जास्त दाबाने चांगली सीलंही जातात. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नका, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवरच ब्रेक हलका करतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं नाही तर नळी, वन-वे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर गेला. हे आयडलपुरतं राहत नाही, ब्रेकच जड होतात.

रबरी गॅस्केटवर सिलिकॉन थापणाऱ्यांचे हात बांधून ठेवायला हवेत. गॅस्केट घसरतं, खाचेतून बाहेर येतं आणि मग हवा तिथूनच शिरते. खाच कोरडी, स्वच्छ, बस्स. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड अंदाजाने आवळला की वाकतो. इंजेक्टरच्या ओ-रिंग्ज (रबरी कड्या) नव्या घ्या, इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा, कोरड्या ढकलल्या की कापल्या जातात. आणि थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर आधी आयडल रीलर्न करा, म्हणजे कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवा, नाहीतर नसलेली गळती शोधत बसाल.

चिरलेल्या नळीला टेप तर गुंडाळूच नका. तेलकट रबरावर ती दोन दिवस टिकत नाही. पाण्याची साधी नळीही नको, आतल्या ओढीने ती चपटी होते आणि ऑइलच्या वाफेने फुगते. तेल आणि व्हॅक्यूम सोसणारी, त्याच मापाची, त्याच वळणाची नवी नळी लावा.