‘650 चा एसएमपीएस 2,360 ला लावला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक तारा पाहिला, खालचा मजकूरही वाचला. मंगळवारी देतो म्हणून सांगितलं आणि कॉम्प्युटरचं मशीन गुरुवारी दिलं, ही चूक आमची. त्याबद्दल माफी मागतो.

आपण चार गोष्टी लिहिल्यात. 650 रुपयांचा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) 2,360 ला लावला, पंधरा मिनिटांच्या कामाला तीन दिवस घेतले, जुन्या एसएमपीएसचा पंखा फिरत होता तरी एसएमपीएस बदलला, आणि नवीन बसवल्यापासून कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेटीला, शॉक लागतो. शिवाय ‘बेळगावात लुटारू बसलेत’ हेही लिहिलंत. खानापूरपासून निपाणीपर्यंतची गिऱ्हाइकं हे वाचून दुकानात यायचं की नाही ते ठरवतात. म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी दर. बिल आपल्याकडे आहे. एसएमपीएस 2,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 360. तपासणी आणि बसवणावळ 200, त्यावर 36. एकूण 2,596. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला, तो बिलात धरलेला नाही.

आता तो 650 वाला. आपण पिशवीतून आणून काउंटरवर ठेवला होता, म्हणून त्याचं लेबल आपल्यासमोरच वाचलं. वर मोठ्या अक्षरात 450 वॉट. खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टला 14 अँपिअर. 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॉट. उरलेले वॉट 5 आणि 3.3 व्होल्टच्या वायरींचे आकडे मिळवून दाखवलेत, आणि तेही खरे मानले तर. आपल्या मशीनमध्ये कोअर टू डुओ प्रोसेसर आहे. त्याची वीज चार पिनच्या चौकोनी कनेक्टरमधून, म्हणजे 12 व्होल्टवरूनच जाते. 5 व्होल्टच्या वायरीवरून प्रोसेसरला वीज द्यायचे दिवस कधीच संपले. आम्ही लावलेल्या 450 वॉटच्या एसएमपीएसला 12 व्होल्टवर 36 अँपिअर आहेत, म्हणजे 432 वॉट. एसएमपीएस घेताना हा एकच गुणाकार करायचा, वरचा मोठा आकडा सोडून द्यायचा.

‘माझं मशीन दीडशे वॉट खातं, मग 450 कशाला?’ असं आपण विचारलंत. प्रश्न बरोबर होता. प्रोसेसर 65, बोर्ड आणि रॅम मिळून चाळीसेक, हार्डडिस्क चालू होताना पंचवीस, डीव्हीडी रायटर वीस. होतात तेवढेच. पण खऱ्या मालात याहून लहान एसएमपीएस आमच्याकडे सहसा येत नाही, आणि एक तृतीयांश लोडवर तो गारही राहतो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जितके गार तितके जास्त टिकतात. दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. चारशे रुपयांत सेकंडहँड बसवा म्हणालात, त्याला नाही म्हटलं ते याचसाठी. बारा वर्षं तापलेले कपॅसिटर पुसून स्वच्छ होत नाहीत.

650 वाल्यात पैसे कुठं वाचवलेत ते हातात घेतला तरी कळतं, डब्यात काही नसल्यासारखा हलका. जाळीतून बघितलं तर इनपुटला फिल्टरची (विजेतली गडबड गाळणारी) कॉइल असायची तिथं नुसती जंपर वायर. वायरी 18 गेजच्या हव्यात, तिथं 22, म्हणजे आणखी बारीक. व्होल्टेज वाढलं तर बंद पाडणारं सर्किट नाही. असला एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन जातो. हार्डडिस्कवर सगळे हिशेब आहेत, हे आपणच सांगितलंत की.

पंख्याचं. एसएमपीएसची हिरवी वायर काळीला जोडली आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हे मोबाइलवरच्या व्हिडिओत ठीक. पंखा सात व्होल्टवरही फिरतो. आपल्या जुन्याला लोड देऊन मीटर लावला तर 12 च्या जागी 10.8 आले, चालायला 11.4 तरी पाहिजेत. स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारे, 5 व्होल्ट 4.3 वर होते, म्हणून बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय मशीन उठत नव्हतं. हे आकडे आपल्याला दाखवले तेव्हा आपण फोनवर होता. असो.

आणि एक विनंती, जरा कडक वाटेल. जुन्या एसएमपीएसचं झाकण आपण घरी स्क्रू काढून उघडलं होतं. 230 व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठतात, आणि स्वस्त मालात प्लग काढल्यावरही ते बराच वेळ राहू शकतात. पुन्हा उघडू नका.

तीन दिवस का? एक दिवस हुबळीहून माल यायला. आपला डीव्हीडी रायटर जुन्या आयडीई प्रकारचा आहे, त्याला मोठ्या चार पिनची वायर लागते. काही नवीन एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी साटाच्या (नव्या चपट्या प्रकारच्या) देतात, त्यामुळं ही वायर असलेलाच मागवावा लागला. साटाची वायर मोठ्या चार पिनची करणारे ओतीव प्लास्टिकचे कन्व्हर्टर दहा मिनिटांत लावता येतात, पण ते आतून शॉर्ट होऊन जळू शकतात, आम्ही लावत नाही. दुसरा दिवस मशीन लोडवर चालवून बघण्यात गेला. हे आपल्याला फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं. यापुढं अंदाज लिहून देऊ, बघतो.

शॉकचं मात्र फार लागलं मनाला. भंगार माल म्हणालात. साहेब, हा एसएमपीएस खरा आहे म्हणून तसं होतंय. त्यात इनपुट फिल्टर आहे. त्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटला जोडलेले असतात, आणि गळणारा किरकोळ करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसलं तर कॅबिनेटवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात, टेस्टर उजळतो, हाताला मुंग्या येतात. जुन्यात तो फिल्टरच नव्हता, म्हणून काही जाणवलं नाही. दुकानात हेच मशीन दिवसभर उघड्या हातानं हाताळलं. वायरमनला बोलवा, तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाला वायर आहे का बघायला सांगा. फेज ते अर्थ 230 च्या आसपास यायला हवेत. पन्नास-साठ आले, नाहीतर आकडा नाचत राहिला, तर अर्थिंग तुटलंय. तोवर कॅबिनेटच्या धातूला हात लावू नका, आणि टू-पिनचं अडॅप्टर लावलं असेल तर ते आधी काढा.

लाइट जाते तेव्हा मशीन बंद पडतं असं वाटलं तर आपला 600 व्हीएचा यूपीएसही घेऊन या. नवीन एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) आहे, काही स्वस्त यूपीएसचं त्याच्याशी जमत नाही. बघायला पैसे घेणार नाही.

वॉरंटी तीन वर्षांची आहे, बिल आणि डब्यावरचा सिरियल नंबर जपून ठेवा. जुना एसएमपीएस आणि आपला तो 650 वाला, दोन्ही पिशवीत नाव घालून ठेवलेत. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, मागच्या वेळी आपण त्याच वेळेत येऊन शटर वाजवत होता. चारनंतर या, दोन्ही आपल्यासमोर मीटरला लावून दाखवतो, मग तारा तेवढाच ठेवायचा असेल तर ठेवा.