कॉफीयुद्धाची पूर्वतयारी

पुढेमागे कॉफीवरून लढाई होईल का, असा प्रश्न ज्यांना पडतो ते बहुधा घरून काम करतात. आमच्या हापिसात ती सुरू झालेली आहे. पॅन्ट्रीतली फिल्टर कॉफी बंद करून तिथे एक मशीन ठोकलंय. मोबाइलवरचा कोड दाखवायचा, दिवसाला दोन कप. तिसऱ्याला लाल अक्षरात ‘कोटा संपला’. परवा मी कोड दाखवला, मशीन ‘टुंई’ म्हणालं आणि नळाखाली बघतो तर कप अकाउंट्समधल्या एका सद्गृहस्थांचा! वर म्हणतात, “अहो, तुम्ही चहावाले ना?”

तेव्हा समस्त कॉफीबाजांच्या हितासाठी पाच सूचना.

साठा करा. ब्राझीलमध्ये २०२४ साली पावसाने दगा दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, १९७७ चा उच्चांक मोडून. जगातली तिसरा हिस्सा कॉफी एकटा ब्राझील पिकवतो, तरी जग निवांत झोपतं. तुम्ही झोपू नका. साबुदाण्याच्या डब्यामागे जागा असते.

शस्त्रं जमवा. हसू नका, हे होऊन गेलंय. १९७५ च्या जुलैत ब्राझीलच्या पराना राज्यात थंडीने मळेच्या मळे करपले, भाव भडकले आणि पूर्व जर्मनीच्या तिजोरीत डॉलर नव्हते. मग १९७७ मध्ये त्यांनी इथिओपियाला बंदुका दिल्या आणि कॉफी घेतली. पुढे व्हिएतनाममध्ये मळे लावायला मदतही केली. झाडं भरात येईपर्यंत, १९९० मध्ये, पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र आज ब्राझीलच्या खालोखाल आहे.

हेर नेमा. अठराव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाने निवृत्त सैनिकांना गल्लोगल्ली वास घेत फिरवलं होतं, कोण चोरून कॉफी भाजतंय ते हुंगायला. आपल्या सोसायट्यांत हे पद नव्याने भरावं लागणार नाही.

चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीची, सवय करून घ्या. ही सूचना जरा सविस्तर देतो. त्या पूर्व जर्मन सरकारने टंचाईत जनतेला एक मिश्रण पाजलं होतं: ५१ टक्के कॉफी, बाकी वाटाणा, राय नावाचं धान्य असलं काहीबाही. कॅन्टीनची मशीनं तुंबली. हुकूमशाहीत राहणारी माणसं ती, पण तक्रारींचा पाऊस पाडला आणि सरकारला ते गुंडाळावं लागलं. आता आपल्याकडे या. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान किती हवी, असं आपला नियम सांगतो? ५१ टक्के! ज्याच्यावरून बर्लिनमध्ये बोंब झाली, ते आपण पाकीट फोडून, दूध घालून, पाहुण्यांना ‘स्ट्राँग’ म्हणून देतो. पाकिटावर पुढे फेसाळलेला कप, आणि चिकोरीचा आकडा मागे, घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आणि हापिसातल्या मशीनमधलं प्रीमिक्स, म्हणजे तयार मिश्रण? घटकांची यादी कधी वाचलीत? आधी साखर, मग दुधाची पावडर, मग कुठेतरी कोपऱ्यात कॉफी अंग चोरून बसलेली. त्या गरम सरबतासाठी रांगा लावतो आपण! आणि एचआर त्याचं ईमेल पाठवतं, ‘खास तुमच्यासाठी, नवा कॉफी अनुभव’. कसला अनुभव? भाव वाढला म्हणून फिल्टर कॉफी बंद केली, एवढं सरळ सांगायला काय जातं?

चहावाल्यांशी तह करून ठेवा.

बरं, झाली गंमत. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी इथे शेजारी, कर्नाटकात होते. कोडगू, चिकमगळूर, हासन. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये एक सर वेळेवर पडावी लागते, तेव्हा कळ्या उमलतात. त्यामागून काही आठवड्यांत दुसरी सर हवी, नाहीतर फळ धरत नाही. आणि तोडणीनंतर खळ्यावर फळं वाळत असताना अवकाळी आला तर वाळवण कुजतं. एवढ्या दोन-तीन सरींवर बागायतदाराचं अख्खं वर्ष टांगलेलं. त्या बागा उभ्या आहेत मोठ्या झाडांच्या सावलीत. आणि तुम्ही लाँग वीकेंडला पुण्याहून गाड्या काढून तिथे जाता आणि विचारता काय, तर “व्ह्यू आहे का? स्विमिंग पूल आहे का?” मग तो व्ह्यू दिसावा म्हणून झाडं पडतात, स्विमिंग पूलसाठी उतार खणला जातो. येताना रस्त्याकडेला वेफर्सची पाकिटं टाकून येता. पाऊस कुठे गेला म्हणून परत विचारणारेही तुम्हीच.

आणि हापिसात काय चाललंय? मीटिंग संपली की टेबलावर कप तसेच, अर्धे भरलेले, वर साय धरलेली. ज्यांच्यासाठी सकाळी एकमेकांचे कोड चोरलेत, तेच हे कप. लाज वाटू द्या थोडी. घेतलाय ना, मग संपवा तो!