मी मोजल्या, 27 गाड्या होत्या

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून येऊन तीन आठवडे झाले. फोटो टाक, फोटो टाक म्हणून सगळे मागे लागलेत, फोटो आहेतही आणि चांगले आलेत, पण त्यातला एक मी टाकणार नाहीये आणि का नाही ते जरा सविस्तर लिहायचंय. पोस्ट मोठी होईल, सवड असेल तेव्हा वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास आमच्या ड्रायव्हरच्या वायरलेसवर घाईघाईने काहीतरी सुरू झालं, त्यातला मला कळलेला एकच शब्द, दुमा. स्वाहिलीत दुमा म्हणजे चित्ता. त्याने गाडी वळवली, दहा मिनिटं धुळीतून उडत गेलो आणि एका झुडपाच्या सावलीत मादी आणि तिची तीन पिल्लं दिसली. इतकी लहान की मानेपासून पाठीपर्यंत तो धुरकट राखाडी केसांचा झुबका अजून तसाच होता. मला खरंच रडू आलं. मी कोल्हापूरची, आमच्या संस्थानात शिकारीसाठी आफ्रिकेतून आणलेले चित्ते पाळायचे आणि ते सांभाळणारे चित्तेवान, हे सगळं आजोबांकडून ऐकत मोठी झालेली. आपल्याकडचा चित्ता 1952 ला संपला म्हणून जाहीर झालं, आणि इथे तो माझ्यासमोर पिल्लांना चाटत बसलेला.

आम्ही पोचलो तेव्हा आमची चौथी गाडी. वीस मिनिटांत 27 झाल्या. मी मोजल्या, शाळेत इतकी वर्षं काढल्यावर सहलीतली पोरं मोजायची सवय लागते ती जात नाही.

लांब पंधरावीस टॉमी चरत होते, म्हणजे थॉमसन गॅझेल, लहानसं हरणच म्हणा, तिथे सगळे टॉमीच म्हणतात. मादीने ते बघितलं, डोकं खाली घातलं आणि हळूच उठली. ती उठली तशी सगळ्या गाड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली, कारण ती जिकडे पळेल तिकडे आधी जाऊन उभं राहायचं होतं प्रत्येकाला. टॉमींनी माना वर केल्या आणि निघून गेले. ती परत बसली. अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूने उठली तर समोर तीन गाड्या आडव्या, आणि त्या गडबडीत एक पिल्लू एका गाडीच्या पलीकडे राहिलं आणि ओरडायला लागलं. चित्त्याचा आवाज डरकाळीसारखा नसतो हो, पाखरासारखा असतो, बारीक चिवचिव. आई गाडीच्या अलीकडे उभी राहून चाकांच्या मधून बघत होती. गाडीतले लोक दुसऱ्या खिडकीतून फोटो काढत होते, त्यांना काही पत्ताच नाही.

आणि आमच्या गाडीत काय चाललं होतं? "जरा पुढे घ्यायला सांगा ना, झुडूप मध्ये येतंय." हे वाक्य माझं आहे. मीच म्हणाले. ड्रायव्हरने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही आणि गाडी पुढे घेतली. तेव्हा मिळालेला तो फोटो, पिल्लाचा चेहरा अगदी स्पष्ट, डोळ्यात उजेड. तोच टाकणार नाहीये.

रात्री कॅम्पवर नियमांचा कागद वाचला. एका प्राण्याभोवती जास्तीत जास्त पाच गाड्या, 25 मीटर अंतर, रस्ता सोडून गाडी घालायची नाही. म्हणजे नियम आहेत. घरी आल्यावर शोधून वाचायला लागले तर 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मिळाला, माराच्याच चित्त्यांवरचा. पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 0.2 पिल्लं आईपासून वेगळी होण्याच्या वयापर्यंत पोचली, आणि जिथे गर्दी कमी तिथे 2.3. हा आकडा मी परत परत वाचला. गाडीखाली कुणी चिरडलं असं नाहीये, पण चित्ता दिवसा शिकार करतो, अगदी आपल्या सफारीच्या वेळेतच, ती शिकार मोडली की आई उपाशी आणि आई उपाशी तर पिल्लं उपाशी, शिवाय सिंह आणि तरस टपलेले असतातच.

आता लगेच ड्रायव्हरांना शिव्या देऊ नका. आमचा ड्रायव्हर पंचविशीतला मसाई मुलगा, मसाई म्हणजे तिथली गुरं पाळणारी जमात, मला मामा म्हणायचा, तिकडे आईच्या वयाच्या बाईला आदराने मामा म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं की तू का नेलीस गाडी पुढे. तो म्हणाला, मामा, नाही नेली तर संध्याकाळी ऑफिसला फोन जातो की ड्रायव्हरने काही दाखवलं नाही, आणि टिपही जाते. यावर मी काय बोलणार? आपल्याकडे तरी वेगळं काय झालं. 31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ 2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाईडवर कारवाई झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. पण त्या जिप्सींमध्ये मागे उभे राहून "घे, घे, पुढे घे" म्हणणारे कोण असतात? तुमच्या माझ्यासारखेच. पगारदार, शिकलेले, घरी डिस्कव्हरी लावून बसणारे.

शेवटच्या दोन रात्री आम्ही रिझर्वच्या बाहेर एका कन्झर्व्हन्सीत होतो, आणि ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते हे आहे, कारण आपल्या ग्रुप टूरमध्ये याबद्दल कुणी सांगतच नाही.

मसाई मारा रिझर्व साधारण 1510 चौरस किलोमीटर, तो नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या ताब्यात. पण प्राण्यांना ती हद्द काय माहीत, ते सगळीकडे फिरतात, आणि हद्दीबाहेरची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. आधी ती सामायिक होती, मग वाटण्या होऊन सातबारा व्हावा तशी नावावर झाली. जमीन नावावर झाली की माणूस काय करतो? कुंपण घालतो, नाहीतर विकतो, नाहीतर गव्हाला भाड्याने देतो. उत्तरेला लोइटाच्या मैदानात हेच झालं. तिथून माराकडे येणाऱ्या विल्डबीस्टचे, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे कळप होते, शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणाऱ्या त्या प्रसिद्ध लाखोंच्या झुंडीपेक्षा वेगळे, घरचेच म्हणा. 1977 ते 1997 या वीस वर्षांत ते जवळजवळ 80 टक्के घटले, आणि मोठं कारण शेती. बंदूकही लागली नाही.

कन्झर्व्हन्सी म्हणजे शेजारशेजारच्या शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे कुंपण न घालता एकत्र ठेवायचे आणि कॅम्पवाल्यांनी त्यांना एकराप्रमाणे ठरलेलं भाडं द्यायचं, पर्यटक येवोत न येवोत. 2005-06 पासून हे उभं राहत गेलं आणि आज जवळजवळ रिझर्वएवढीच जमीन अशी राखलेली आहे. तंबू किती लावायचे त्याला मर्यादा, एका प्राण्याजवळ गाड्या किती त्याला मर्यादा, आणि तिथे ती पाळली जाते. मी स्वतः बघितलं, सिंहीण होती आणि आम्ही धरून तीनच गाड्या, चौथा ड्रायव्हर लांब टेकाडावर थांबून आपली पाळी येण्याची वाट बघत होता.

तिथल्या एका म्हाताऱ्या मसाई आजोबांशी बोलणं झालं, ड्रायव्हर मध्ये दुभाष्याचं काम करत होता. त्यांच्या काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, बोलताना ती बोटाने सोडवायचे आणि परत गुंडाळायचे. सिंहाने गेल्या पावसाळ्यात दोन गायी मारल्या म्हणाले. मी विचारलं राग नाही आला? आला ना, म्हणाले, आधी आम्ही सगळे भाले घेऊन निघालो असतो. आता जमिनीचं भाडं येतं, त्यात नातीची फी जाते, सिंह गेला तर भाडं जाईल. बस, एवढंच. कुठलं प्राणिप्रेमाचं भाषण नाही, आणि मला ते शंभर भाषणांपेक्षा पटलं. गायी गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतंच, ते कुठल्या भाड्याने पुसलं जात नाही.

सगळं गोड नाहीये हेही लिहायला पाहिजे. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणजे भाडंही त्यांच्या हातात, घर आणि गुरांचं दूध बघणाऱ्या बाईला काय मिळतं ते घरावर अवलंबून. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला काहीच नाही. दुष्काळात चराईवरून भांडणं होतात. आणि करोनात विमानं थांबली तेव्हा कॅम्प ओस पडले आणि भाडंही कमी झालं, सगळा डोलारा आपल्यासारख्यांच्या तिकिटावर उभा असल्यावर दुसरं काय होणार.

म्हणून कुणी म्हणालं ना की माराची प्रवेश फी फार झाली, जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला 200 डॉलर म्हणजे लूट आहे, तर मला ते पटत नाही. परवडत नाही हे खरं असू शकतं, आम्हीसुद्धा चार वर्षं पैसे साठवले. पण चार दिवस आठ ठिकाणं आणि बिग फाइव्ह, म्हणजे सिंह, हत्ती वगैरे पाच मोठे प्राणी दाखवायची गॅरंटी असली टूर घेण्यापेक्षा एकच जागा घ्या, दोन रात्री कन्झर्व्हन्सीत घाला, नदी ओलांडणारी विल्डबीस्टची झुंड नाही दिसली तर नाही दिसली. आणि पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की पाच गाड्या असतील तर आपण थांबायचं नाही, टिप तेवढीच मिळेल, ऑफिसला फोन जाणार नाही. त्या मुलाला हे ऐकायची किती गरज असते ते मी शेवटच्या दिवशी बघितलं. परत एकदा दुमा दुमा सुरू झालं, मी म्हटलं नको, राहू दे. त्याने वायरलेसचा आवाज कमी केला आणि आम्हाला एका ओढ्याकाठी घेऊन गेला, तिथे दीड तास एक हत्तीण आणि तिचं पिल्लू चिखलात लोळताना बघितलं. दुसरी एकही गाडी आली नाही.

माझी भाची पुढच्या ऑगस्टला चाललीय. तिला मी टूरवाल्याला विचारायला दोन प्रश्न लिहून दिलेत, कॅम्प कुठल्या कन्झर्व्हन्सीत आहे आणि जमीनमालकांना भाडं किती जातं. काल तिचा फोन आला, तो म्हणे मॅडम असं आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, विचारून सांगतो. दोन दिवसांनी ती परत फोन करणार आहे त्याला. तुमच्यापैकी कुणी बुकिंग करत असाल तर तुम्हीपण विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.