‘बायबलमध्ये कुठं आहे, दाखव!’

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे नागपुरात आईच्या कबरीवर गेलो होतो. आदल्या दिवशी भावाने गवत काढून घेतलं होतं, दगड धुतला होता. झेंडू बर्डीच्या बाजारातून आणला. धाकट्या वहिनीने पिशवीतून मेणबत्त्या काढल्या आणि पाण्याच्या बाटल्यांची कापलेली बुडंही. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून ती दर वर्षी असा जुगाड करते. थोरल्या भावाचा मुलगा मात्र चार पावलं लांब, हात मागे बांधून उभा. चोवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून आमच्या चर्चला येत नाही, एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे छोट्या स्वतंत्र चर्चमध्ये, जातो.

मी म्हटलं, “ये ना रे, एक लाव आजीसाठी.”

“आत्या, हे बायबलमध्ये कुठं आहे, दाखव. मेलेल्या माणसासाठी कायले लावून राहिले तुम्ही?”

कबरीपाशी वाद नको म्हणून कुणी काही बोललं नाही. घरी आलो, चहा झाला, संत्री सोलणं सुरू झालं. वहिनी उठली आणि आतून तिचं बायबल घेऊन आली. वहिनी वसईची, कॅथलिक. रविवारी ती सेंट फ्रान्सिस डी सेल्सला मिस्साला जाते आणि भाऊ ऑल सेंट्सला उपासनेला. दोन्ही कॅथेड्रल सदरमध्येच, त्यामुळे स्कूटर एकच पुरते. एरवी ती धर्माच्या वादात पडत नाही. त्या दिवशी तिने मक्काबीचं दुसरं पुस्तक काढलं, बारावा अध्याय, आणि भाच्यापुढे धरलं. लढाईत पडलेल्या सैनिकांची पापं माफ व्हावीत म्हणून ज्यू सेनानी यहूदा मक्काबी आणि त्याची माणसं प्रार्थना करतात, वर्गणी काढून यरुशलेमला अर्पणासाठी पैसे पाठवतात, असा तो भाग.

“हे आपल्या बायबलात नाही, काकू.”

“माहीत आहे. तुमच्यात ६६ पुस्तकं, आमच्यात ७३. पण ६६च आहेत हे तुझ्या बायबलात कुठल्या वचनात लिहिलंय? तेवढं पान दाखव, मग मी मेणबत्ती लावणं सोडते.”

तो बराच वेळ पानं चाळत राहिला. मग म्हणाला, “अनुक्रमणिकेत.”

सगळे हसले, तोही हसला. पण मला तो प्रश्न तेव्हापासून सोडत नाहीये, म्हणून हे लिहिते आहे.

वहिनीचं म्हणणं खोटं नाही. नव्या कराराची आज आपण मानतो तीच २७ पुस्तकं पहिल्यांदा एका यादीत मिळतात ती ३६७ साली, आलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, लिहिलेल्या पत्रात. त्यानंतर ३९७ साली कार्थेजच्या परिषदेने यादी दिली. प्रोटेस्टंट लोक जुन्या करारात इब्री (हिब्रू) यादी धरतात, आणि त्याला चांगलं कारण आहे. येशूच्या लोकांचं इब्री शास्त्र आपण का बदलावं? पण हेही कारण इतिहासातून आलं, वचनातून नाही. पुस्तकं देवाने प्रेरित केली हे मी मनापासून मानते. ती ओळखायचं काम मात्र माणसांनी केलं, बसून, भांडून, पत्रं लिहून. मंडळीनेच.

आता माझी बाजू सांगते, नाहीतर खाली कुणीतरी लिहील की ताई कॅथलिक झाल्या. मी प्रोटेस्टंटच आहे. शेवटचा शब्द शास्त्राचा, हे मी मानते, आणि ते कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. आईच्या शुगरवरून शिकले.

काही वर्षांपूर्वी एक पाळक आमच्याकडे प्रार्थनेला यायचे. नाव सांगत नाही, आमच्या मंडळीचे नव्हते. त्यांनी आईला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून दिला. आजाऱ्याला तेल लावून मंडळीच्या वडीलजनांनी प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना त्याला बरं करील. आणि पुढे स्वतःचं एक वाक्य जोडलं: विश्वास आहे तर गोळ्या कशाला? आईने पाच दिवस गोळ्या उशीच्या अभ्र्यात दडवल्या. अभ्रा धुवायला काढला तेव्हा त्या माझ्या हातात पडल्या, एकमेकींना चिकटलेल्या. शुगर चारशेच्या वर गेली होती.

पुढच्या वेळी पाळक आले तेव्हा मी आईचंच बायबल घेऊन समोर बसले. तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय ५, वचन २३. तरुण सहकारी तीमथ्याचं पोट वारंवार बिघडतं आणि प्रेषित पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्या पौलाच्या अंगावरच्या फडक्यांनी लोक बरे होत होते, तो पौल! मग कलस्सैकरांस पत्र, ४:१४. लूक ‘प्रिय वैद्य’. पौलाबरोबर डॉक्टर हिंडत होता, आणि पौलाला त्याची लाज वाटत नव्हती. पाळक म्हणाले, “बहीण, तुम्ही वाद घालताय.” मी म्हटलं, “नाही, वाचतेय.” त्या रात्रीपासून आईने गोळ्या सुरू केल्या. माझ्या सांगण्यावरून नाही हं, पौलाच्या.

मी बँकेतली बाई. धर्मशास्त्राची पदवी नाही, मंडळीत पदही नाही. शेवटचा शब्द पाळकाचा असता तर माझ्या हातात काय होतं? बिरुया गावचे लोक पौलाचा संदेशसुद्धा शास्त्रात रोज तपासून बघत, आणि नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्यासाठी त्यांना थोर मनाचे म्हणतं. भाच्याचं हे आवडतं वचन आहे. माझंही आहे.

पण त्याच प्रसंगातली दुसरी गोष्ट भाचा सोडून देतो. पाळकाकडेही वचन होतं. याकोब ५ बायबलातच आहे, त्यांनी घरून आणलेलं नव्हतं. दोघांच्या हातात एकच पुस्तक, दोघांची बोटं वेगवेगळ्या पानांवर. मग निकाल कशाने लागला? एक वचन दुसऱ्याशेजारी ठेवून वाचल्याने, समोर पडलेल्या लॅबच्या रिपोर्टने, आणि खरं सांगायचं तर लहानपणी संडे स्कूलमध्ये एका म्हाताऱ्या गुरुजींनी लूक वैद्य होता हे पाठ करून घेतलं होतं त्याने. मला कलस्सै ४:१४ आकाशातून सुचलं नव्हतं.

१५२९ साली जर्मनीत मारबुर्गला प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंगली, भेटले. दोघंही शास्त्रालाच शेवटचा अधिकार मानणारे, दोघंही रोमला सोडून आलेले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं. पंधराव्यात प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, होता. ‘हे माझे शरीर आहे’ यातल्या ‘आहे’चा अर्थ काय? ल्यूथरने म्हणे ते शब्द टेबलावर खडूने लिहून ठेवले होते, आणि तो हटला नाही. झ्विंगलीही नाही. मध्ये पोप नव्हता, परंपरा नव्हती, फक्त वचन होतं, आणि ते दोघांना वेगवेगळं ऐकू आलं.

लांब कशाला जायचं, आपल्या नागपूरचंच घ्या. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. (मेथॉडिस्टांची मोठी शाखा अगदी ऐनवेळी बाहेर पडली, ते आलेच नाहीत.) अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वारशाचे लोक बाळांना बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणणार, आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. दोन्हीकडे वचनांचा ढीग. एक जण फिलिप्पैतल्या तुरुंगाच्या नायकाचं सगळं घराणं दाखवणार, दुसरा मार्क १६:१६. ‘केवळ शास्त्र’ या तत्त्वाने हा प्रश्न सोळाव्या शतकापासून सुटलेला नव्हता.

सुटला कसा? खरं तर सुटला नाहीच. वर्षानुवर्षं बैठका झाल्या आणि ठरलं की दोन्ही रीती मान्य. आईबापांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करा, नको तर बाळाचं समर्पण करा आणि तो मोठा होऊन स्वतः मागेल तेव्हा बाप्तिस्मा द्या. या चर्चच्या संविधानात हेही लिहिलं आहे की पवित्र शास्त्र ही विश्वासाची सर्वोच्च आणि निर्णायक कसोटी. आणि लगेच पुढे प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली-वचनंही, स्वीकारली आहेत. म्हणजे कसोटी एक, पण ती हातात धरायला मंडळी लागते, आणि आधीच्या मंडळीने काय ओळखलं तेही विसरायचं नाही. आमच्या घरात माझा बाप्तिस्मा तीन महिन्यांची असताना झाला आणि माझ्या नवऱ्याचा सतराव्या वर्षी, नदीत. दोघं एकाच बाकावर बसतो.

प्रेषितांची कृत्ये १५ मी भाच्याला मुद्दाम वाचायला दिलं. तिथे वाद आहे, यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी का. सुंता हवी म्हणणाऱ्यांकडे उत्पत्तीचा सतरावा अध्याय होता. तिथे तर ‘सर्वकाळचा करार’ असा शब्द आहे. नुसतं “कुठं लिहिलंय ते दाखवा” एवढ्यावर ठरलं असतं तर पेत्र-पौल हरले असते. पण तिथे पेत्राने काय घडलं ते सांगितलं, याकोबाने आमोस संदेष्टा काढला, आणि पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. ‘व आम्हांला’ एवढे दोन शब्द. भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळी टिक आहे.

हे मी बँकेत एका मैत्रिणीला सांगत होते. ती बौद्ध आहे, दीक्षाभूमीपासून दहा मिनिटांवर राहते. ती म्हणाली, “आमच्याकडे तर बुद्धाने कालाम लोकांना सांगितलंय की एखादी गोष्ट पिटकात, म्हणजे धर्मग्रंथात, आहे एवढ्यावरून मानू नका.” मी विचारलं, “हे कुठं आहे?” ती म्हणाली, “पिटकातच.” दोघी जोरात हसलो. काउंटरवरचे गिऱ्हाईक बघत राहिले.

मग वहिनीचं म्हणणं पूर्ण का नाही स्वीकारत? तिथे शास्त्र आणि परंपरा बरोबरीने, आणि दोन्हींचा अर्थ सांगायचा अधिकार पोप व बिशपांकडे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याची सेवा करणारा आहे. चांगलं आहे. पण सेवकाचं चुकतंय हे ठरवणार कोण? सेवकच? ल्यूथरने चर्चकडून विकल्या जाणाऱ्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं तेव्हा हाच पेच होता, आणि १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत त्याने शास्त्राची किंवा स्पष्ट विवेकाची साक्ष मागितली. त्यातला विवेक आपण घोषणा देताना गाळतो. वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणते, “ताई, तुमच्यात मग प्रत्येक गल्लीत एक पोप.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याच वस्तीतल्या फेलोशिपच्या पाट्या मोजल्या तर ती जिंकते.

मला यात पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या सिस्टर्सशी वाद सुरू. त्रैक्य (एकाच देवात तिघं), मतांगीकार, चर्चचा अधिकार, सगळ्यांवर त्यांचे प्रश्न. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने आत्ताच मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. हे वाचून भाचा खूश होईल. पण त्यापुढे रमाबाईंनी काय केलं ते त्याने बघावं. नुसतं “मला वचन पुरे” म्हणून थांबल्या नाहीत. संस्कृत कोळून प्यायलेली बाई इब्री आणि ग्रीक शिकली. बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायका छापखान्यात छपाईचे खिळे जुळवत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. कुणाचं जू नको असेल तर इतकं ओझं उचलावं लागतं, आणि तेही एकटीने उचललं नाही.

ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका अनोळखी गोऱ्या माणसाकडून. त्यांनी तो एकट्याने वाचला, शेजारी पाळक नव्हता. पण डोक्यात तुकाराम होता, आणि त्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं तेच पुढे सांगत. रिकाम्या डोक्याने बायबल वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. भाच्याच्या डोक्यात यूट्यूबवरचे दोन अमेरिकन पाळक आहेत. तीही परंपराच, फक्त पंधरा वर्षांची.

मेणबत्तीबद्दल माझं मत विचाराल तर, ती न लावल्याने आईचं काही बिघडत नाही. तिचं तारण मेणावर अवलंबून नाही, हे मी शास्त्रावरूनच म्हणते. पण जिथे शास्त्र ‘करू नका’ म्हणत नाही तिथे वहिनीच्या बाटलीच्या बुडावर फुंकर मारायचा अधिकार मला कुणी दिला?

असो. परवा वहिनीचा फोन आला. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतोय, वाचनं काढायची आहेत, आणि तिचं बायबल सापडत नाहीये. त्या दिवशी भाचा जाताना घेऊन गेला म्हणे. मक्काबी वाचतोय. पहिलं पुस्तक संपलं, दुसऱ्याच्या सातव्या अध्यायावर आहे, आणि विचारतोय की अजून दोन आठवडे ठेवलं तर चालेल का.