हिरवं आलं, पण तपासलं का?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लोखंडी शेडचं डिझाइन सध्या भाच्याच्या हातात आहे. परवा फोनवर सांगत होता, सोलापुरात त्याच्या इंजिनिअर मित्रांत वाद पेटलाय: फ्रेमच्या स्थिरतेसाठी आपली आयएस ८०० (पोलादी बांधकामाची भारतीय संहिता) पुरे, की अमेरिकी पद्धत वापरायची? मी विचारलं, "सॉफ्टवेअर तपासलंस का?"

"मामा, लायसनचं आहे की. सगळे मेंबर, खांब काय नि तुळया काय, स्क्रीनवर हिरवे आलेत, म्हणजे पास."

तेव्हापासून मला चैन नाही. संहितेवरून भांडायचं कारणच नाही. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत फ्रेमवर उभ्या भाराच्या ०.५ टक्के काल्पनिक आडवा भार धरतात. अमेरिकेत तो ०.२ टक्के आहे, पण त्याच्या जोडीला पोलादाचा ताठपणाही ८० टक्क्यांवर आणतात. दोन्ही वाटा विचारपूर्वक आखलेल्या आहेत. पण गणित करणारं यंत्र बरोबर चालतंय का, हे कुठलीच संहिता आपल्यासाठी पाहून देत नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा पाहिलाय ना? काठी जराशी कलली की तिचं स्वतःचंच वजन तिला आणखी कलवतं. खांबाचंही तेच. शिकागोत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी कॉम्प्युटरआधी कोरा कागद पुढे ठेवला होता. खाली पक्का, वर मोकळा असा एकच खांब. डोक्यावर त्याच्या बकलिंग भाराच्या (ज्या भाराला खांब बाजूला वाकून निकामी होतो त्याच्या) निम्मा भार, वर थोडा आडवा धक्का. साध्या गणितात माथा १० मिलिमीटर सरकत असेल, तर कललेल्या वजनाचा परिणाम धरून हातानं उत्तर येतं १९.९. तोच खांब एका सलग तुकड्यात प्रोग्रॅममध्ये घातला, आणि प्रोग्रॅम फक्त माथ्याचं सरकणं धरत असेल, खांबाचा मधला बाक धरत नसेल, तर तो १७ दाखवतो. खांबाचे चार तुकडे केले की फरक जवळपास मिटतो. अमेरिकी संहितेच्या भाष्यात अशी दोन छोटी उदाहरणं मुद्दाम प्रोग्रॅम तपासण्याच्या याच कामासाठी दिलेली आहेत.

म्हणून म्हणतो, शेडचा मालक असो की नकाशा मंजूर करणारा, त्यानं रंगीत प्रिंटआउटच्या आधी हातच्या गणिताचा हा एक कागद मागावा. त्याला डॉलर लागत नाहीत, अर्धा तास लागतो. आणि पाया मॉडेलमध्ये पक्का धरलाय, पण जागेवर बेसप्लेटला (खांबाच्या तळाच्या पोलादी पाटाला) चारच बोल्ट आहेत, म्हणजे तो तेवढा पक्का नसेलही, हेही त्याच कागदावर लिहावं. इथे अमेरिकेतही घाईत हे राहून जातं, मी पाहिलंय. पण इथे कुणीतरी विचारतं, आणि तेवढ्यानं माणूस सावध होतो.

काल भाच्याचा फोटो आला. वहीत १९.९, स्क्रीनवर १७. खाली दोन ओळी: "मामा, खांब तोडून परत रन करतोय. मालकाला दोन दिवस थांबायला सांगितलंय."